रनर घेवडा: ‘उद्या तोडू’ म्हणालात तिथेच गेला

रनर घेवड्याची तोड सध्या ऐन भरात आहे आणि उष्मा वाढतोय. अशा हवेत कीड-रोगाने जेवढं नुकसान होत नाही, तेवढं ‘उद्या तोडू’ या दोन शब्दांनी होतं. दर हंगामात तेच पाहतो. वेल लाल फुलांनी लगडलेला, खाली शेंगा लोंबतायत, आणि मालक म्हणतो, अजून जरा भरू द्या. दोन दिवसांनी हातात येतो तो नुसता दोरखंड.

शेंग 15 ते 20 सेंटीमीटरची, चपटी आणि लुसलुशीत असतानाच तोडा. वाकवली की कट्कन मोडली पाहिजे. न मोडता वळली, किंवा बाहेरून दाण्यांचे फुगवटे दिसू लागले, तर ती निबर झाली. तोड दर दोन-तीन दिवसांनी, कडक उन्हाच्या दिवसांत एक दिवसाआड. हे फक्त चवीसाठी नाही. वेलाची सगळी धडपड बी धरण्यासाठी असते. चार शेंगांत बी भरलं की नवी फुलं मंदावतात. पानाआड राहिलेली एक जून शेंग पुढच्या कितीतरी शेंगांना नडते. म्हणून तोडताना वेल खालून वर पाहा, वरून शेंगा लपतात.

बाकीची कामं:
- पाणी मुळाशी. फुलोऱ्यात ओल तुटू नये
- बुडाशी पालापाचोळ्याचं आच्छादन
- फुलोऱ्यात युरिया नको, नुसता पाला माजतो
- मावा: शेंडे खुडून नष्ट करा, 5 टक्के निंबोळी अर्क, संध्याकाळी, मधमाश्या परतल्यावर
- लाल कोळी: पानांच्या मागच्या बाजूला पाण्याचा जोरदार फवारा
- पानं ओली असताना तोड नको, रोग हातानेच पसरतो

फुलगळ दिसली की दुकानदार टॉनिकची बाटली पुढे करतो. तापमान 30 अंशांच्या वर गेलं, रात्रीही उकाडा राहिला आणि माती कोरडी पडली की या घेवड्याची फुलं गळतात. बाटलीने हवा थंड होत नाही. तेच पैसे आच्छादनात आणि पाण्यात घाला. तोड सुरू असताना रासायनिक फवारणीही मी टाळतो. लेबलवरचा प्रतीक्षा काळ, म्हणजे फवारणीनंतर तोडीआधी थांबायचे दिवस, पाळावाच लागतो, आणि तेवढ्यात शेंगा निबर होतात.

आता घरात. इथेही तोच ‘उद्या’. सकाळी दव सुकल्यावर तोडलेली टोपली पडवीत रात्रभर राहिली तर शेंग मऊ पडते, गोडी जाते. लगेच निवडायला जमत नसेल तर फ्रिजमध्ये तरी ठेवा. निवडताना दोन्ही टोकं कापा आणि दोन्ही कडांची शीर देठाकडून खाली ओढा. कोवळ्या शेंगेची शीर निघतच नाही, निघाली तर केसाएवढी. लांब दोरा आला की समजा, तोडायला उशीर झाला होता. मग तिरके पातळ काप करा. खाण्यासाठी उकळत्या पाण्यात पाचेक मिनिटं, झाकण न ठेवता, म्हणजे हिरवेपणा टिकतो. सोडा घालू नका, शेंगेचा लगदा होतो. कच्ची शेंग मात्र चाखायची नाही. घेवड्यात, विशेषतः दाण्यात, लेक्टिन नावाचं विषारी प्रथिन असतं. त्याने उलट्या-जुलाब होतात.

साठवणीचे काप कच्चेच पिशवीत भरून फ्रीझरमध्ये टाकणारे पुष्कळ. काही महिन्यांनी उघडल्यावर रंग मेलेला आणि वास वाळल्या गवताचा. थंडीने शेंगेतली विकरं (एन्झाइम, रंग-चव बिघडवणारी द्रव्यं) मंदावतात, मरत नाहीत. त्यांना उकळत्या पाण्याचाच चटका हवा. अर्धा किलो कापांना चार लिटर पाणी घ्या. काप टाकल्यावर पाणी पुन्हा उकळलं की घड्याळ लावा: दोन मिनिटं, अख्ख्या शेंगांना तीन. लगेच बर्फाच्या पाण्यात तेवढाच वेळ. निथळून कापडावर कोरडे करा, थाळीत सुटे पसरून गोठवा, मग हवा दाबून काढून पिशवीत भरा आणि तारीख लिहा. उणे 18 अंशांवर आठ-दहा महिने उत्तम राहतात. एका वेळी थोडंच करा. सगळी टोपली एकदम ओतली की पाणी गार पडतं आणि चटक्याऐवजी नुसती आंघोळ होते. चटका म्हणजे शिजवणं नव्हे. वापरताना वितळू न देता थेट उकळत्या पाण्यात टाका.

आणि राहिलेल्या निबर शेंगा? त्या वेलावर ठेवू नका, आजच तोडा. बियाण्यासाठी एखादा वेल वेगळा राखा. निबर शेंगा सोलून दाणे काढा. दाणे वाळवले असतील तर रात्रभर भिजवा, ते पाणी ओतून द्या, नव्या पाण्यात निदान दहा मिनिटं खळखळ उकळा आणि मग मऊ होईपर्यंत शिजवा. मंद आचेच्या भांड्यात कच्चे दाणे थेट टाकू नका, तिथे विष मोडण्याइतकी उष्णता मिळत नाही.