नखं कापायची, पण कुस्ती न खेळता

कटर दिसलं की आमचा कुत्रा मोती पलंगाखाली. म्हणून कटर मी आधी नुसतं त्याच्यासमोर ठेवते, त्याला हुंगू देते, पंजा हातात घेऊन सोडून देते. एका बैठकीत चारही पंजे झालेच पाहिजेत, असा हट्ट नको. दोन नखं झाली तरी खाऊ द्या आणि उठा.

पांढऱ्या नखात आतली गुलाबी शीर दिसते. तिच्या दोनेक मिलिमीटर अलीकडे थांबायचं. काळ्या नखात ती दिसत नाही, म्हणून अगदी पातळ चकत्या काढत जायच्या. कापलेल्या जागी मधोमध काळपट ठिपका दिसला की पुरे. तरी रक्त आलंच, तर चिमूटभर कॉर्नफ्लॉवर लावून दोन-तीन मिनिटं दाबून धरा. अंगठ्याचं नख जमिनीवर घासलं जात नाही, वळून कातडीत रुततं. नेमकं तेच लोक विसरतात.

मांजरीचा पंजा वरून-खालून हलकेच दाबला की नख बाहेर येतं. फक्त टोक उडवायचं. आमची मनी हे पेंगत असतानाच करू देते. जागी असली तर तिची मर्जी!

कानात काडी नको. दिसतो तेवढाच भाग कापसाने पुसा. घाण वास किंवा सतत खाजवणं असेल तर डॉक्टर. माणसांची टूथपेस्टही नको, काहींत झायलिटॉल नावाचा गोडीसाठीचा पदार्थ असतो, तो कुत्र्यांना विषारी. आणि कुत्र्याचं गोचिडांचं औषध मांजरीला कधीच लावू नका. त्यात परमेथ्रिन हे कीटकनाशक असेल तर तिच्या जिवावर बेततं.