विझर्ड जड झाला म्हणून फायरबॉल कापू नका

डंजन्स अँड ड्रॅगन्समध्ये नव्या डीएमची (डंजन मास्टर, म्हणजे खेळ चालवणाऱ्याची) तक्रार ठरलेली असते: पार्टी (खेळाडूंच्या पात्रांचा गट) पाचव्या लेव्हलला आली, विझर्ड (जादूगार) एकटाच सगळं संपवतोय, तर त्याच्या फायरबॉल या आगीच्या स्पेलचं (मंत्राचं) डॅमेज ८डी६ऐवजी (सहा बाजूंचे आठ फासे) ६डी६ करू का? खुशाल करा. २०१४च्या डंजन मास्टर्स गाइडमध्ये नवे स्पेल बनवण्याचा तक्ता आहे, त्यातही अनेकांना लागणाऱ्या तिसऱ्या लेव्हलच्या स्पेलला ६डी६च दिलेत. पण दोन सेशननंतर तुम्ही पुन्हा हाच प्रश्न घेऊन याल. विझर्डला लगाम घालतात ते स्लॉट (स्पेलच्या लेव्हलनुसार दिवसाला मिळणारा स्पेलचा कोटा), वेळ आणि कॉन्सन्ट्रेशन (चालू स्पेल टिकवायला धरावं लागणारं लक्ष), आणि ‘कंटाळवाणा हिशेब’ म्हणून सगळ्यांत आधी उडवल्या जातात त्या याच तीन गोष्टी. (इथे सगळं पाचव्या आवृत्तीच्या २०१४च्या नियमांनी चाललंय.)

स्लॉट काढून माना (जादूचा एकच साठा) आणणं

हा माझा सगळ्यांत नावडता शॉर्टकट. व्हिडिओ गेमवरून आलेल्या माणसाला स्लॉट पटत नाहीत. पहिल्या लेव्हलचे चार पडून आहेत, मग ते मोडून तिसऱ्याचा एक का मिळू नये? गाइडमध्ये स्पेल पॉइंटचा (स्लॉटऐवजी पॉइंट खर्चून स्पेल टाकण्याचा) पर्यायी नियम छापलेलाच आहे, त्यामुळे लोक तो निर्धास्त लावतात. आधी बेरीज तरी करा. पाचव्या लेव्हलच्या विझर्डकडे पहिल्या, दुसऱ्या आणि तिसऱ्या लेव्हलचे स्लॉट ४, ३ आणि २. त्याचेच पॉइंट होतात २७. तिसऱ्या लेव्हलच्या स्पेलची किंमत ५. म्हणजे दोन फायरबॉलच्या जागी पाच, आणि वर एका मॅजिक मिसाइलपुरते पॉइंट शिल्लक.

एका टेबलावर मी फायटर (योद्धा) होतो आणि डीएमने कॅम्पेनच्या मध्येच हा नियम लावला. हॉबगॉब्लिनांचा किल्ला होता. फायरबॉलचं सरासरी डॅमेज २८, सेव्ह (बचावाचा फासा) पास झाली तर १४. हॉबगॉब्लिनचे हिट पॉइंट ११. त्यामुळे सेव्ह फेल झालेला मेला आणि पास झालेलाही मेला. अंगणात एक, कोठारात एक, जिन्यावर एक. मी तलवार उपसायचो आणि परत म्यान करायचो. रोग (चोराचं पात्र) खेळणारी तोवर सगळ्यांसाठी जेवण मागवून मोकळी झाली होती.

पुढच्या सेशनला डीएमने तोडगा काढला: जो तो आगीला रेझिस्टंट (डॅमेज निम्मंच). हॉबगॉब्लिन, त्यांचे लांडगे, एकदा तर लाकडी दरवाजा. विझर्डने शांतपणे विजेचा लाइटनिंग बोल्ट प्रिपेअर केला. तोही ८डी६च! मग दोघांची जुंपली, आणि ते कॅम्पेन आजही त्याच जिन्यावर अडकलेलं आहे.

पॉइंट हवेच असतील तर मी एक अट घालतो: ज्या लेव्हलचे जितके स्लॉट मिळाले असते, त्याहून जास्त स्पेल त्या लेव्हलवर टाकायचे नाहीत, फार तर एखादा वाढीव. पुस्तकही सहाव्या लेव्हलपासून वर, प्रत्येक लेव्हलचा एकच स्पेल एका लाँग रेस्टपासून (स्लॉट परत देणारी लांब विश्रांती) पुढच्या लाँग रेस्टपर्यंत, असं बंधन घालतं. मी तीच शिस्त खालपर्यंत आणतो.

लढाई झाली की झोप

पहिल्याच खोलीत दोन फायरबॉल, मग ‘आम्ही लाँग रेस्ट घेतो’. डीएम मान डोलावतो. गाइड दिवसाला सहा ते आठ मध्यम-कठीण चकमकी धरून चालतं; तुम्ही एकच दिलीत तर विझर्ड सगळं तिथेच ओतणार, त्याचा काय दोष? सहा कोणाच्याच सेशनमध्ये बसत नाहीत, हे मान्य. पण सेशन संपलं म्हणून खेळातला दिवस संपत नाही, हे लोकांना का सुचत नाही, देव जाणे. स्लॉट वहीत लिहून ठेवायचे आणि पुढच्या वेळी तिथूनच सुरू करायचं.

मी कागदाच्या कोपऱ्यात वेळ लिहितो: सकाळ, दुपार, संध्याकाळ. लाँग रेस्ट चोवीस तासांत एकच आणि तो आठ तासांचा. पार्टी सकाळी उठली आणि दहालाच दमली, तर उरलेला दिवस काढायचा कुठे? तेवढ्यात वरच्या मजल्यावरचे लोक प्रेतं मोजतात आणि कैद्याला दुसरीकडे हलवतात. शॉर्ट रेस्ट (छोटी विश्रांती) मात्र मी हात सैल सोडून देतो, कारण फायटरला त्याचा फायदा प्रत्येक वेळी होतो, विझर्डची आर्केन रिकव्हरी (विश्रांतीत काही स्लॉट परत मिळवणं) दिवसातून एकदाच.

गाइडमध्ये शॉर्ट रेस्ट आठ तासांचा आणि लाँग रेस्ट सात दिवसांचा करण्याचाही पर्याय आहे. लांब प्रवासाच्या कॅम्पेनला झकास, पण मग आठ तास टिकणाऱ्या मेज आर्मरचं (जादूच्या कवचाचं) काय करायचं ते आधी ठरवा.

कॉन्सन्ट्रेशन विसरणं

विझर्डच्या मिनीवर (पटावरच्या छोट्या मूर्तीवर) सोड्याच्या बाटलीचं झाकण ठेवा, म्हणजे विसरायला होत नाही. प्रत्येक माराला वेगळी कॉन्स्टिट्यूशन (काटकपणाची) सेव्ह, गाठायचा आकडा: १० किंवा डॅमेजच्या निम्मे, जे जास्त असेल ते. तीन बाण लागले तर तीन सेव्ह. हेस्ट (वेग वाढवणारा स्पेल) तुटला तर ज्याच्यावर होता त्याची एक पाळी फुकट जाते, आणि ती जाऊ द्यावी. धनुष्यवाल्या गॉब्लिनने झगेवाल्यावर नेम धरण्यात डीएमचा दुष्टपणा नाही, गॉब्लिनची अक्कल आहे.

बाकीचं पटकन

बोनस ॲक्शनने (पाळीतल्या जास्तीच्या छोट्या कृतीने) मिस्टी स्टेप हा स्पेल टाकला तर त्या पाळीत फायरबॉल नाही, एका ॲक्शनची कँट्रिप (स्लॉट न लागणारा साधा स्पेल) फक्त.

फोकस (जादूची कांडी वगैरे) हातात असला तरी किंमत लिहिलेलं साहित्य लागतंच. आयडेंटिफायला (जादूची वस्तू ओळखणाऱ्या स्पेलला) १०० गोल्डचा मोती म्हणजे मोती.

मेज हँड (जादूचा तरंगता हात) हल्ला करत नाही आणि दहा पाउंडांपेक्षा जास्त उचलत नाही. ‘पण कल्पना भारी आहे ना?’ भारी आहे. नाही.

विझर्डच्या स्पेलबुकात स्पेल उतरवायला प्रत्येक लेव्हलमागे ५० गोल्ड आणि दोन तास. हे माफ करणारा डीएमच नंतर म्हणतो की विझर्डकडे सगळेच स्पेल आहेत.

काउंटरस्पेलचा (समोरच्याचा स्पेल अडवणाऱ्या स्पेलचा) पल्ला ६० फूट. मोठा मांत्रिक ६५ फुटांवर उभा करा. आणि ‘तो डिसइंटिग्रेट टाकतोय’ असं आधीच जाहीर करू नका. ‘तो हात उचलून काहीतरी पुटपुटतोय, अडवणार?’ एवढंच विचारा, उत्तर आलं की मग नाव सांगा. २०२४च्या पुस्तकात काउंटरस्पेल बदललाय, तिथे समोरचा कॉन्स्टिट्यूशन सेव्ह करतो. टेबलावर दोन्ही पुस्तकं असतील तर पहिल्या सेशनलाच एक निवडा आणि दुसरं बॅगेत ठेवा.