लेझी भाषेत एक्सेप्शन पकडायचं कुठे?

स्वतःची लेझी (गरज पडेपर्यंत हिशोब न करणारी) भाषा लिहीत असाल, तर एक्सेप्शनचं काम शेवटावर ढकलू नका. मी ढकललं. जावासारखा ट्राय-कॅच चिकटवला, आत '१०/०' टाकलं, आणि ट्राय निमूट पार पडला. एक्सेप्शन उडालं चार ओळी खाली, प्रिंटमध्ये. ट्रायच्या आत भागाकार झालाच नव्हता, नुसता थंक, म्हणजे पुढे ढकललेला हिशोब, बनला होता. उधारीची चिठ्ठीच ती, वसुली प्रिंटने केली.

म्हणून आधी हे ठरवा: एक्सेप्शन मूल्याच्या जागी बसतं. '[१, १०/०, ३]' या लिस्टची लांबी बिनतक्रार ३ आली पाहिजे.

मग क्रमाचा प्रश्न. '(१०/०) + एरर "नाव नाही"' यातलं कुठलं बाहेर पडणार? डावीकडचं आधी, असं वचन द्यायचा मोह होतो. देऊ नका, ऑप्टिमायझरचे हात बांधले जातात. हास्केल या लेझी भाषेसाठी सायमन पेटन जोन्स, टोनी होअर आणि सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये काढलेली तोड मला अजून आवडते: अशा बेरजेचं उत्तर म्हणजे शक्य त्या सगळ्या एक्सेप्शनांचा संच. चालवताना त्यातलं कुठलंतरी एक हाती लागतं. कुठलं, हे नक्की नसल्यामुळे कॅच शुद्ध (त्याच इनपुटला नेहमी तेच उत्तर देणाऱ्या) फंक्शनमध्ये ठेवता येत नाही. ठेवला तर अ+ब आणि ब+अ वेगळे निघतील. फेका कुठूनही, पकडा फक्त आयओमध्ये, म्हणजे बाहेरच्या जगाशी बोलणाऱ्या कोडमध्ये.

सोबत 'इव्हॅल्युएट' (थंकचा हिशोब तिथेच करायला लावणारं फंक्शन) द्या, म्हणजे वसुली कॅचच्या आतच होईल. पण ते फक्त सर्वांत बाहेरच्या कन्स्ट्रक्टरपर्यंत, म्हणजे मूल्याच्या वरच्या कवचापर्यंत, जातं. लिस्टच्या पोटातलं '१०/०' तसंच राहतं. हे डॉक्युमेंटेशनमध्ये ठळक लिहा, नाहीतर लोक तुम्हालाच विचारत बसतील.

आता रनटाइम. एक्सेप्शन स्टॅक उलगडत जाताना अर्धवट थंक वाटेत सापडतात. ते ब्लॅकहोल ('हिशोब चालू आहे' अशी खूण) म्हणून तसेच सोडले, तर पुढचा वाचणारा अडकतो. त्यांच्यावर 'हेच एक्सेप्शन पुन्हा फेक' असं लिहून टाका. कंट्रोल-सी किंवा टाइमआउट आला तर मात्र असं लिहायचं नाही, कारण त्यात थंकचा काही दोष नसतो. झालेलं काम गोठवून ठेवा, पुढच्या वेळी तिथूनच चालू करा; जीएचसी हा हास्केलचा कंपायलर तेच करतो. मी दोन्हींना एकच नियम लावला होता. मूळसंख्यांची लिस्ट एकदा कंट्रोल-सीने थांबवली, आणि मग आरईपीएल (ओळ टाकली की लगेच उत्तर देणारा प्रॉम्प्ट) बंद करेपर्यंत तिला काहीही विचारलं की उत्तर एकच: 'इंटरप्टेड'.