युद्धाच्या बातम्यांची वही

डिचोलीतल्या एका कॉलेजात मी ग्रंथपाल आहे. नौदल अकादमीच्या तयारीला लागलेली चार-पाच पोरं दरवर्षी माझ्या वर्तमानपत्रांच्या टेबलाला चिकटलेली असतात. गणित मी काय शिकवणार त्यांना! पण युद्धाच्या दिवसांत बातमी वहीत कशी उतरवायची, एवढं सांगू शकतो. तेही तोंडावर आपटूनच शिकलो.

दोनशे पानी आखीव वही घ्या. डाव्या पानावर बातमी: कोण म्हणालं, कधी म्हणालं आणि क्रियापद कुठलं वापरलं. तारीख आधी टाका. उजवं पान, खरं काय निघालं ते लिहायला, तीन दिवस कोरं ठेवा. पोरांना नेमकं हेच जमत नाही. मलाही जमलं नव्हतं.

8 मे 2025 च्या रात्री, भारत-पाकिस्तान संघर्ष चालू असताना, काही वाहिन्यांनी आपल्या विक्रांत या विमानवाहू नौकेला थेट कराची बंदरावर नेऊन सोडलं. बंदर बेचिराख! मी रात्रभर टीव्हीसमोर. सकाळी वाचनालय उघडलं आणि फळ्यावर जाड मार्करनं लिहून मोकळा झालो. सुटीतही अभ्यासाला येणारी एक मुलगी फळा वाचून म्हणाली, "सर, पण हे नौदलानं सांगितलंय का?" मी म्हटलं, सगळीकडे दाखवताहेत ना. 11 मेला नौदलाच्या वतीनं व्हाइस ॲडमिरल ए. एन. प्रमोद पत्रकारांसमोर आले. नौदल उत्तर अरबी समुद्रात तैनात होतं, कराचीसह समुद्रातल्या आणि जमिनीवरच्या लक्ष्यांवर मारा करायला सज्ज होतं, असं त्यांनी सांगितलं. सज्ज होतं. मारा केला, असं नाही. फळा मी रुमालानंच पुसला.

'सूत्रांनुसार' आलेलं सगळं पेन्सिलीनं लिहा.

वहीची शेवटची पानं 1971 साठी ठेवा, कारण जुनं-नवं डोक्यात हटकून मिसळतं. कराचीवर हल्ला झाला होता, तो 4 डिसेंबर 1971 च्या रात्री; निपात, निर्घात आणि वीर या क्षेपणास्त्र नौकांनी केला. त्याच्या समोरच्या पानावर 9 डिसेंबर लिहा: आपली युद्धनौका खुकरी बुडाली, कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला जहाजाबरोबर गेले. पहिलं पान सगळे लिहितात, दुसरं लिहायला मला सांगावं लागतं.

दिवसाला वीस मिनिटं, जास्त नको. यूपीएससीच्या लेखी परीक्षेत गणिताला 300 गुण आहेत, ते वही देणार नाही. वही कामाला येते ती पुढे, एसएसबीत, म्हणजे सैन्यदलांच्या निवड मंडळाच्या मुलाखतीत. तिथं विषय हातात पडला की तीन मिनिटं विचाराला, तीन बोलायला. वाहिनीची विशेषणं तोंडात बसलेली असली की तिथंच फजिती.

आणि दाबोळीला उतरताना खिडकीतून व्हिडिओ काढू नका. ती धावपट्टी नौदलाच्या हंसा तळावरची आहे.

आमच्या पिढीतले लोक अजून "अकादमी? ती काय, पणजीसमोर, वेरेला" असं सांगतात. होती, आयएनएस मांडवी या नौदलाच्या तळावर. 2009 पासून ती केरळात एझिमलाला आहे. मुलाखतीत आजोबांचा पत्ता देऊ नका.

वही शनिवारी माझ्या टेबलावर ठेवा. हिरव्या पेनानं मी फक्त क्रियापदांखाली रेघा मारून परत देतो.