मुंबईत रिसर्च टॉक ऐकायला जायचंय? मग असं जा

आमच्या बिल्डिंगमधल्या डिप्लोमाच्या मुलाने परवा विचारलं, दादा ते आयआयटीत, टीआयएफआरमध्ये (म्हणजे टाटा मूलभूत संशोधन संस्थेत) मोठमोठ्या सायंटिस्टची लेक्चरं असतात ना, आपल्याला आत सोडतात का? त्याला जे सांगितलं तेच इथे लिहितोय, कारण हा प्रश्न डोंबिवलीपासून विरारपर्यंत कितीतरी पोरांना पडत असणार आणि विचारायला कोणी नसतं.

बरेच टॉक सगळ्यांसाठी खुले असतात, फक्त नोटीस नीट वाचायची. त्यात ‘ओपन टू ऑल’ लिहिलंय का, रजिस्ट्रेशन लागतं का ते बघा. स्पष्ट नसेल तर नोटिशीत दिलेल्या मेल आयडीवर दोन ओळींचा मेल टाका, की मी अमुक कॉलेजचा, ऐकायला येऊ का. आयोजकांना बाहेरचं कोणी आलेलं आवडतं, हा माझा अनुभव आहे.

आता नोटिशीवरचा शब्द महत्त्वाचा. ‘कोलोक्वियम’ म्हणजे वेगवेगळ्या विषयातल्या लोकांना कळेल असं भाषण, टीआयएफआरमध्ये बुधवारचं कोलोक्वियम असतं ते या प्रकारचं. ‘सेमिनार’ म्हणजे त्या एका विषयात काम करणाऱ्यांसाठी, तिथे पहिल्याच दिवशी गेलात तर डोक्यावरून जाईल आणि परत जायची इच्छाच मरेल, म्हणून सुरुवात तिथून नको. ‘डिफेन्स’ म्हणजे पीएचडीचा विद्यार्थी चार-पाच वर्षांचं काम मांडतो आणि परीक्षक सगळ्यांसमोर त्याला प्रश्न विचारतात, बाहेरच्यांना बसू देत असतील तर एकदा तरी बघाच, उत्तर येत नसेल तेव्हा ‘हे मी तपासलेलं नाही’ असं सरळ कसं सांगायचं ते तिथे शिकायला मिळतं. अगदीच नवीन असाल तर टीआयएफआरचं ‘चाय अँड व्हाय’ बघा, २००९ पासून चालू आहे, जुहूच्या पृथ्वी थिएटरमध्ये आणि माटुंग्याच्या रुपारेल कॉलेजात रविवारी सकाळी झालेले कार्यक्रम मी ऐकलेत, लहान मुलंसुद्धा बिनधास्त हात वर करतात. मराठीतूनच ऐकायचं असेल तर चुनाभट्टीला मराठी विज्ञान परिषदेचं विज्ञान भवन आहे, संस्था १९६६ पासूनची. आणि २८ फेब्रुवारीच्या, म्हणजे विज्ञान दिनाच्या आसपासचे दिवस मोकळे ठेवा, तेव्हा शहरभर काही ना काही असतंच.

जायचं कसं? आयआयटीला कांजूरमार्ग जवळचं, पण तिथे फास्ट थांबत नाही, कल्याणकडून येणाऱ्यांनी ठाण्याला उतरून स्लो पकडा. टीआयएफआर पार कुलाब्याच्या टोकाला, नेव्ही नगरात, सीएसएमटी किंवा चर्चगेटवरून बस मिळते. दोन्हीकडे गेटवर ओळखपत्र दाखवावं लागतं, आधार किंवा कॉलेजचं आयडी सोबत ठेवा आणि गेट ते हॉल चालायला पंधरा-वीस मिनिटं हातात ठेवा, आयआयटीचं कॅम्पस खूप मोठं आहे.

आदल्या रात्री फक्त अर्धा तास द्या. नोटिशीतला सारांश वाचायचा, न कळणारे तीन शब्द निवडायचे आणि तेवढेच शोधायचे, सगळं समजून घ्यायच्या मागे लागू नका.

ऐकताना मुख्य गोष्ट म्हणजे ग्राफ. स्लाइड आली की आधी आडव्या अक्षावर काय, उभ्यावर काय, एकक कुठलं, हे तीन बघा, मगच रेघेकडे. उदाहरण देतो. २०१६ मध्ये टीआयएफआरच्या गटाने दाखवलं की शुद्ध बिस्मथ हा धातू साध्या दाबाला सुपरकंडक्टर होतो, म्हणजे विजेला काहीच रोध करत नाही, पण कधी, तर ०.५३ मिलिकेल्विनच्या खाली, म्हणजे निरपेक्ष शून्याच्या वर अर्ध्या सहस्रांश अंशाएवढं. सुपरकंडक्टर म्हटलं की आपल्या डोक्यात ‘रोध शून्य’ एवढंच असतं, पण त्यांनी पुरावा दिला तो चुंबकत्वाचा, की स्फटिक चुंबकी क्षेत्र बाहेर ढकलतोय. उभा अक्ष न वाचता रेघ खाली पडताना बघून ‘रोध कमी झाला’ असं समजलात तर पुढचं सगळं चुकीचं ऐकाल. शिवाय बिस्मथमध्ये मोकळे इलेक्ट्रॉन इतके कमी, साधारण एक लाख अणूंमागे एक, की सुपरकंडक्टरच्या नेहमीच्या थिअरीत हे बसत नाही, म्हणून हा शोध मोठा. हे कोणी समोर उभं राहून सांगतं ना तेव्हा अंगावर काटा येतो, खरंच सांगतो.

मध्येच धागा सुटला तर घाबरू नका, हॉलमधल्या प्रोफेसरांचाही सुटतो. वहीत स्लाइडचा नंबर लिहा आणि पुढची स्लाइड ताजी समजून ऐका.

शेवटी प्रश्न विचारा. इंग्रजी अडत असेल तर तोडकंमोडकं चालतं, हिंदीत विचारलं तरी चालतं, मराठी वक्ता असेल तर सरळ मराठीत. सगळ्यात चांगला प्रश्न म्हणजे ‘हे मोजलं कसं?’ मी एका कमी तापमानाच्या टॉकला एवढंच विचारलं होतं, की इतक्या थंडीत थर्मामीटर कुठला लावता, आणि बोलणाऱ्या बाई खडू घेऊन फळ्याकडे वळल्या, प्लॅटिनमच्या अणुकेंद्रांकडून येणारा चुंबकी सिग्नल मोजून तापमान कसं काढतात ते दहा मिनिटं समजावलं. हॉलमध्ये धीर होत नसेल तर नंतर चहाच्या टेबलापाशी गाठा, पहिला घोट झाला की बोला. आणि परतीच्या गाडीत जागा मिळो न मिळो, उतरायच्या आत मोबाइलमध्ये तीन ओळी लिहून ठेवा: काय मोजलं, कसं मोजलं, काय कळलं नाही. पुढच्या टॉकच्या आदल्या रात्री ती तिसरी ओळ आधी उघडायची.