दवाखाना कोणाचा? नागपुरात सरकारी उपचार घेण्यापूर्वी

नागपुरात घरी कोणी गंभीर आजारी पडले की पहिला प्रश्न ‘मेडिकलला न्यायचे की मेयोला?’ असा, म्हणजे शहरातील दोन मोठ्या सरकारी रुग्णालयांपैकी कोणते, असा असतो. मात्र तातडीची वेळ नसेल, तर त्याआधी आणखी एक प्रश्न विचारून ठेवावा: हा दवाखाना चालवतो कोण, आणि त्याचा खर्च कोणत्या तिजोरीतून होतो? केसपेपरला पैसे पडतील का, कोणते कार्ड चालेल आणि अडचण आल्यास कोणाचे दार ठोठावावे, हे सारे त्या उत्तरावर अवलंबून असते.

राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत सार्वजनिक आरोग्य आणि रुग्णालये हा विषय राज्यसूचीत आहे. त्यामुळे बहुतेक सरकारी रुग्णालये राज्याची किंवा स्थानिक संस्थांची असतात. केंद्र धोरण ठरवते आणि पैशाचा वाटा उचलते. २००५ साली ग्रामीण भागासाठी सुरू झालेल्या आणि २०१३ पासून शहरांनाही लागू झालेल्या राष्ट्रीय आरोग्य अभियानात महाराष्ट्रासाठी केंद्राचा वाटा ६० टक्के आणि राज्याचा ४० टक्के आहे.

आता नागपुरातील मालकी पाहू. १९४७ साली स्थापन झालेले शासकीय वैद्यकीय महाविद्यालय म्हणजे आपले मेडिकल, त्याच्याशी जोडलेले सुपर स्पेशालिटी आणि मध्यवर्ती भागातील मेयो ही तिन्ही राज्याच्या वैद्यकीय शिक्षण विभागाकडे आहेत. गांधीबागेजवळचे डागा स्मृती स्त्री रुग्णालय मात्र राज्याच्याच सार्वजनिक आरोग्य विभागाचे आहे. वस्त्यांमधील नागरी प्राथमिक आरोग्य केंद्रे महानगरपालिका चालवते. मिहानमधील एम्स केंद्राचे असून त्याचे लोकार्पण ११ डिसेंबर २०२२ रोजी झाले. सोमवारीपेठेतील रुग्णालय कामगार विम्याचे, म्हणजे ईएसआयचे आहे. दरमहा २१,००० रुपयांपर्यंत वेतन असलेल्या विमाधारक कामगाराच्या पगारातून ०.७५ टक्के आणि मालकाकडून ३.२५ टक्के अंशदान जमा होते, त्यावर ती व्यवस्था उभी आहे. पगारपत्रकात ही कपात दिसत असेल, तर आपले कुटुंब त्या दवाखान्याचे हक्कदार आहे, आणि हे अनेक कामगारांच्या गावीही नसते.

वैद्यकीय शिक्षण आणि सार्वजनिक आरोग्य या दोन विभागांतील फरक केवळ कागदावरचा नाही. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याने सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांतील उपचार निःशुल्क केले. तो निर्णय वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांना लागू नव्हता. त्यामुळे ‘सरकारीच आहे, मग पैसे कसले?’ असा वाद खिडकीवर घालण्यापूर्वी आपण कोणाच्या दारात उभे आहोत हे पाहावे. खिडकीपलीकडील कर्मचारी दर ठरवत नाही.

उपचाराची सुरुवात शक्यतो खालच्या पायरीपासून करावी. सपाट प्रदेशात साधारण ५,००० लोकसंख्येमागे उपकेंद्र आणि ३०,००० मागे प्राथमिक आरोग्य केंद्र असावे, असा निकष आहे. ही दोन्ही जिल्हा परिषदेकडे असतात. त्यावर ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालये येतात. काटोल किंवा भिवापूरकडचा रुग्ण तिथल्या डॉक्टरांच्या संदर्भचिठ्ठीसह, तपासण्यांचे अहवाल घेऊन आला, तर मेडिकलच्या ओपीडीत त्याची कहाणी पहिल्यापासून सांगावी लागत नाही. साधा ताप किंवा मधुमेहाच्या गोळ्या यांसाठी मेडिकलची रांग लावणे म्हणजे स्वतःचा दिवस घालवणे आणि गंभीर रुग्णाची जागा अडवणे होय. अपघात, छातीत दुखणे किंवा प्रसूतीची निकड असेल, तर हा क्रम विसरून थेट १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मागवावी.

खरी तयारी लागते ती मोठ्या उपचाराच्या वेळी. राज्याची जीवनदायी योजना २०१२ साली आठ जिल्ह्यांत सुरू झाली, पुढच्या वर्षी राज्यभर पोहोचली आणि २०१७ पासून महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना या नावाने ओळखली जाते. केंद्राची आयुष्मान भारत योजना २३ सप्टेंबर २०१८ रोजी सुरू झाली. महाराष्ट्रात या दोन्ही एकत्र राबवल्या जातात आणि वर्षाला प्रति कुटुंब पाच लाख रुपयांपर्यंतच्या उपचारखर्चाचे संरक्षण मिळते. पिवळ्या आणि केशरी शिधापत्रिकांबरोबर पांढऱ्या शिधापत्रिकाधारकांचाही आता त्यात समावेश आहे. सत्तरी ओलांडलेल्या व्यक्तीला २०२४ पासून उत्पन्नाची अट न लावता, आधारच्या आधारे वेगळे आयुष्मान कार्ड मिळते. शेजारच्या बालाघाट किंवा छिंदवाड्याहून पाहुणे उपचारासाठी आले, तर महाराष्ट्राची योजना त्यांच्या कामाची नाही. त्यांच्याकडे आयुष्मान कार्ड असल्यास मात्र ते येथील योजनेशी संलग्न रुग्णालयात चालते.

शिधापत्रिका आणि आधार या दोहोंवरील नाव अक्षरशः जुळते का, हे घरी बसूनच तपासावे. सासरचे नाव एकीकडे आणि माहेरचे दुसरीकडे, एवढ्यावरून शस्त्रक्रिया लांबलेली मी पाहिली आहे. रुग्णालयात पोहोचताच प्रथम आरोग्यमित्राचा, म्हणजे योजनेच्या कामात रुग्णाला मदत करणाऱ्या कर्मचाऱ्याचा, कक्ष गाठावा. बिल झाल्यावर तिकडे जाण्यात अर्थ उरत नाही, कारण नियोजित शस्त्रक्रियेसाठी योजनेची पूर्वमंजुरी आधी घ्यावी लागते. मंजुरी ठरावीक उपचारांच्या यादीनुसार मिळते, म्हणून आपल्या आजाराचा उपचार त्या यादीत आहे का आणि ते रुग्णालय त्या उपचारासाठी संलग्न आहे का, हे दोन प्रश्न स्पष्टपणे विचारावेत. योजना मुख्यतः भरती रुग्णांसाठी आहे. नुसत्या ओपीडी तपासणीचा खर्च तीत बसत नाही. भरती असताना त्या उपचाराचे साहित्य ‘बाहेरून आणा’ असे कोणी सांगितले, तर चिठ्ठी लिहून मागावी आणि ती आरोग्यमित्राला दाखवावी.

यादीत उपचार नसेल, तर धर्मादाय रुग्णालयांचा मार्ग उरतो. सार्वजनिक न्यास कायद्याच्या कलम ४१ कक आणि उच्च न्यायालयाने २००६ साली मान्य केलेल्या योजनेनुसार अशा मोठ्या रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखून ठेवायच्या असतात. त्यासाठी तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला किंवा शिधापत्रिका सोबत ठेवावी आणि रुग्णालयातील समाजसेवकाला भेटावे.

एवढी धडपड का करावी लागते, याचे उत्तर आकड्यांत आहे. राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार देशाच्या एकूण आरोग्यखर्चात लोकांच्या खिशातून जाणारा वाटा २०१३-१४ मध्ये ६४.२ टक्के होता, तो २०२१-२२ मध्ये ३९.४ टक्क्यांवर आला. पण सरकारी खर्च त्या वर्षी सकल देशांतर्गत उत्पन्नाच्या १.८४ टक्केच होता, तर २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने २०२५ पर्यंत २.५ टक्क्यांचे लक्ष्य ठेवले होते.

योजनेत अडथळा आल्यास आरोग्यमित्रानंतर १५५३८८ हा राज्याचा किंवा १४५५५ हा आयुष्मान योजनेचा क्रमांक लावावा. धर्मादाय खाटांची तक्रार धर्मादाय सहआयुक्त कार्यालयात, मनपाच्या केंद्राची तिच्या आरोग्य अधिकाऱ्यांकडे आणि मेडिकल-मेयोची तेथील अधिष्ठात्यांकडे (डीनकडे) लेखी द्यावी, आणि पोच घेतल्याशिवाय टेबल सोडू नये.