लग्नातली पळापळ फोटोत पकडायची तर आधी कान उघडे ठेवा

पहिल्यांदा मी एकट्यानं लग्न शूट केलं तेव्हा अंतरपाट खाली येताना मी काय करत होतो सांगू? मघाशी काढलेला अक्षतांचा फोटो मागच्या स्क्रीनवर झूम करून शार्प आलाय का बघत होतो. मान वर केली तर दोघांच्या गळ्यात हार पडलेले, बॅन्ड सुरू, नवरीचा मामा उपरण्यानं डोळे पुसतोय आणि माझ्या कार्डात त्यातलं काहीच नाही. अल्बम बघताना नवऱ्याच्या आईनं एकच विचारलं, "हार घालतानाचा कुठाय रे बाळा?" काय सांगणार, लाइट गेलती म्हटलं. अजून लाज वाटते.

तर नवीन पोरं मला विचारतात की दादा, अॅक्शनचे फोटो काढायला शटर किती ठेवू. सांगतो की तेही. पण त्याच्या आधी एक गोष्ट डोक्यात बसवा, लग्नातली कुठलीही गडबड आधी ऐकू येते आणि मग दिसते, त्यामुळं डोळा व्ह्यूफाइंडरला असला तरी कान भटजी, बॅन्डवाला आणि हलगीवाला या तिघांकडं पाहिजे, दिसल्यावर बटण दाबलं की तो फोटो दुसऱ्याच्या मोबाइलमध्ये गेलेला असतो.

मंगलाष्टकंच घ्या. प्रत्येक कडवं 'सावधान'वर संपतंय आणि दर सावधानला अक्षता उडतात. म्हणजे देवानं तुम्हाला पाच-सहा रिहर्सल फुकट दिल्यात. पहिल्या सावधानला मी फोटोसाठी फोटो काढतच नाही, फक्त उजेड तपासतो. दुसऱ्याला शटर ठरवतो. तिसऱ्याला स्टेजवर भटजींच्या मागं जाऊन हॉलकडं तोंड करून उभा राहतो, कारण खरी मजा तिकडं असते, तीनशे हात एकदम वर गेलेत, मागच्या रांगेतल्या काकांच्या अक्षता पुढच्या रांगेतल्या काकींच्या अंबाड्यात पडल्यात, एक बारकं पोरगं मूठभर तांदूळ घेऊन नेम धरायलंय. चौथ्या-पाचव्याला बाजूनं, पलीकडं दिवा येईल असं उभं राहायचं. उडणारा तांदूळ पाठीमागून उजेड पडल्याशिवाय चमकत नाही, समोरून फ्लॅश मारला की नुसते पांढरे ठिपके दिसतात, लेन्सवर धूळ बसल्यासारखे. आणि भटजींनी एकदा 'तदेव लग्नं' सुरू केलं की काहीही होऊदे, जागेवर जायचं, स्क्रीनकडं बघायचं नाही, लेन्स बदलायची नाही, कुणी नातेवाईक म्हणला आमचा एक काढा तर "मामा, दोन मिनिटं" म्हणायचं. त्याच्यानंतर अंतरपाट जातोय आणि पुढची वीस सेकंदं परत येत नाहीत.

आता आकडे. शटर म्हणजे कॅमेऱ्याचा पडदा सेकंदाचा कितवा भाग उघडा राहतो ते. चालत येणाऱ्या माणसाला १/२५० पुरतं, नाचाला १/५०० च्या खाली उतरू नका, अक्षता नाहीतर फुलाच्या पाकळ्या हवेत थांबवायच्या तर १/८०० ते १/१०००. फोकस सतत मागं लागणाऱ्या मोडवर, म्हणजे निकॉन-सोनीत एएफ-सी आणि कॅननमध्ये सर्वो. ऑटो आयएसओ (आयएसओ चढवला की कमी उजेडातही फोटो उजळ येतो, पण दाणे दिसतात) लावून कमीत कमी शटर ठरवून टाका, म्हणजे हॉलमधनं अंगणात गेलं तरी बोट फिरवत बसावं लागत नाही. आयएसओ ६४०० ला घाबरू नका, दाणेदार फोटो चालतो, हललेलं तोंड चालत नाही. लेन्स एकच न्यायची असेल तर २४-७० एफ २.८. एफ म्हणजे लेन्सचं भोक, आकडा लहान तेवढं भोक मोठं, उजेड जास्त आणि फोकसमध्ये येणारी जागा कमी. पण एफ २.८ आहे म्हणून कायम २.८ वरच ठेवायचं असं कुणी सांगितलं, नवरा-नवरी मागंपुढं हलत असतात, एफ ४ वर दोघांची तोंडं सापडतात. नवीन बॉडी, म्हणजे नुसता कॅमेरा, नाही म्हणून अडत नाही काही. मूकपटांच्या काळातल्या बाबुराव पेंटरांनी याच गावात, आमच्या कोल्हापुरात बसून सिनेमाचा कॅमेरा स्वतः बनवला, खरी कॉर्नरला त्याची आठवण म्हणून कॅमेऱ्याचा स्तंभ उभा आहे, आणि आम्ही ऑटोफोकस स्लो आहे म्हणून हप्ते काढतोय.

कार्यालयातल्या एलईडीनं मात्र लई जणांना रडवलंय. आपल्याकडं वीज ५० हर्ट्झची, त्यामुळं स्वस्तातले दिवे सेकंदाला शंभर वेळा कमी-जास्त होतात, डोळ्याला कळत नाही पण १/८०० ला फोटोत आडवे काळे पट्टे येतात. त्यात सायलेंट, म्हणजे इलेक्ट्रॉनिक शटर लावलं तर बघायलाच नको. उपाय असा, मेकॅनिकल शटर, मेनूत अँटी-फ्लिकर असेल तर चालू, आणि तरीही पट्टे आले तर १/१०० ला येऊन फ्लॅशनं काम भागवायचं. हे सगळं कधी तपासायचं? पहिल्या सावधानला. म्हणून म्हटलं रिहर्सल.

हार घालताना आपल्याकडं मित्रमंडळी नवऱ्याला उचलणार हे ठरलेलंच, मग नवरीचे भाऊ कशाला मागं राहतील, ते तिला उचलणार, आणि तुम्ही ३५ एमएम लावून तीन फुटांवर उभे असाल तर फ्रेममध्ये नुसती कंबर येणार. नवऱ्याचे मित्र बाह्या सरसावत एकमेकांकडं बघून हसाय लागले की ओळखायचं, दोन पावलं मागं सरकायचं आणि वर जागा सोडून फ्रेम धरायची. उभं राहायचं बाजूला, दोघांच्या बरोबर मध्ये, म्हणजे हार दोन तोंडांच्या मधी दिसतो. फोकस हार घालणाऱ्याच्या डोळ्यावर, हारावर नको. बर्स्ट (एका दाबात सलग फोटो) मारायचा पण सुरुवातीपासून बोट दाबून बसायचं नाही, तीन-चारच्या फटक्यात मारायचा, नाहीतर बफर, म्हणजे कॅमेऱ्यातली तात्पुरती जागा, भरतोय आणि बरोबर हार गळ्यात पडताना कॅमेरा गप्प. माझं झालंय.

कानपिळी तर दोन सेकंदांचा खेळ. नवरीचा भाऊ येतो, कान धरतो, पिळतो, संपलं. इथं मी भावाचा नाही तर नवऱ्याचा चेहरा धरून ठेवतो आणि कान सोडल्यावरही बटण सोडत नाही, कारण खरं हसू नंतर येतंय, विशेषतः साला बारावीतला असेल आणि त्यानं जरा जास्तच पिळला असेल तर.

हळदीला वेगळी भानगड. सगळं पिवळं झालं की ऑटो व्हाइट बॅलन्स (कॅमेरा आपोआप रंग जुळवतो ते) गोंधळतो आणि फोटो निळसर मारतो, म्हणून उजेडात ५२०० केल्विनच्या आसपास हातानं लॉक करा. लेन्सला यूव्ही फिल्टर, बॉडीला प्लॅस्टिकची पिशवी आणि रबर. लांबून ७०-२०० नं काढायचा मोह होतो, पण हळदीत लांबून काढलेला फोटो लांबूनच काढल्यासारखा दिसतो. एक वहिनी मागनं दोन्ही हातात हळद लपवून येत असतात, त्यांना हेरायचं, त्यांच्याच बाजूनं चालायचं. आणि अंगावर डाग पडणार हे धरून जुना शर्ट घाला.

आता वरात. हीच माझ्या आवडीची जागा. वरात निघाली की सगळे फोटोग्राफर नवरा-नवरीच्या गाडीपुढं गर्दी करतात. मी हलगीवाल्यांच्या मागं असतो. कधीतरी ते कोपऱ्यावर थांबतात, रस्त्याकडंला कागद नाहीतर पाचट पेटवतात आणि हलगीचं कातडं शेकतात, बोटानं टिचकी मारून आवाज बघतात, परत शेकतात. कातडं ताणलं की आवाज कडक येतोय. हे दिसलं की समजायचं, खरा नाच आता सुरू होणार, पाच मिनिटं आहेत, बॅटरी बदलून घ्या. त्या जाळाच्या उजेडातला वाजवणाऱ्याचा चेहरासुद्धा सोडू नका, फ्लॅश बंद, १/१२५, आयएसओ चढवा.

मग हलगीच्या जोडीचं वाद्य, घुमकं, घुमायला लागतं, हलगी हळूहळू चढते, आणि चढून चढून एकदम तुटते. त्या तुटण्याच्या आधीच्या चार ठोक्यांत माणूस सगळ्यात उंच उडालेला असतो. दोनदा ऐकलं की तुम्हाला ताल कळतोय, तिसऱ्यांदा आधीच बोट ठेवायचं. उडी वर जाताना आणि खाली येताना वेग असतो, एकदम वर मात्र क्षणभर थांबल्यासारखी होते, तिथं १/३२० सुद्धा पुरतं. गुडघ्यावर बसून काढा, उडी दुप्पट दिसते. एका वरातीत नवऱ्याच्या आजीनं चपला काढून नातीच्या हातात दिल्या, नऊवारीचा काष्टा खोचला आणि हलगीपुढं उतरली. तो फोटो मला मिळाला कारण चपला काढताना मी बघितलं होतं. नाचताना सगळ्यांनीच बघितलं.

सगळंच गोठवू नका पण. हलगीवाल्याचा चेहरा स्थिर आणि हात धुरकट असा फोटो पाहिजे तर १/३० ला या, एफ ५.६, फ्लॅश रिअर कर्टनवर, म्हणजे हालचालीची रेघ आधी उमटते आणि शेवटी फ्लॅश माणसाला पक्का करतो. घोडा किंवा उघडी जीप बाजूनं जात असेल तर त्याच शटरला कॅमेरा तिच्याबरोबर फिरवत न्या, मागचे लाइट रेघा होऊन पळतात. दहातले आठ फुकट जातात. दोन येतात ते भिंतीवर लागतात.

आणि व्हिडिओवाल्याशी सकाळीच चहा घ्या. कोण डावीकडं, कोण उजवीकडं, पायरो (स्टेजवरचे ठिणग्यांचे फवारे) कधी पेटवणार, हे आधी बोललं की ऐन वेळेला एकमेकांच्या फ्रेममध्ये पाठी येत नाहीत. पायरोच्या धुरात फोकस भटकतो, म्हणून पेटायच्या आधीच फोकस धरून लॉक करायचा.

वरातीत, नाहीतर दुसऱ्या दिवशी जोडप्याबरोबर जोतिबाला गेलात, तर गुलाल असतोय. तिथं लेन्स अजिबात बदलू नका, दोन बॉडी नसतील तर एकाच लेन्सवर भागवा. घरी आल्यावर कपड्यानं पुसायचं नाही, गुलाल काचेवर घासला जातोय, आधी कॅमेरा खाली तोंड करून ब्लोअर, मग मऊ ब्रश, मग कपडा. माउंटच्या फटी आणि डायलच्या खाचा दोनदा. हे झोपायच्या आधी करायचं, कितीही वाजले तरी, आणि कार्ड दोन हार्ड डिस्कवर कॉपी झाल्याशिवाय फॉरमॅट मारायचं नाही.